कांचेच्या टाकींतील मासे व पाणवनस्पति : उन्हाळ्यांत पाणी थंड कसें राखावें

घाटावरील चिखली, मेहकर, देऊळगांवराजा या बाजूच्या कित्येक शेतकऱ्यांच्या बैठकींत आतां कांचेची एक टाकी दिसूं लागली आहे. तळाशीं वाळू, वाळूंत लावलेल्या हिरव्या पाणवनस्पति, आणि त्यांमधून फिरणारे रंगीत मासे. घरांतील मुलें तिला ॲक्वेरियम म्हणतात. माघ-फाल्गुनापर्यंत ही टाकी घराची शोभा असते. चैत्र सरतां सरतां पानें पिवळीं पडतात, कांचेवर शेवाळ चढतें, आणि वैशाखांतील एखाद्या पहाटे चार-दोन मासे पाण्यावर उताणे तरंगतांना आढळतात. मग वडील मंडळी म्हणतात कीं, हा आपल्या मुलखांत चालणारा शोक नव्हे, आणि रिकामी टाकी माळ्यावर जाऊन पडते.

आमचें मत याहून निराळें आहे. मुलूख येथें आड येत नाहीं. उलट घाटावरचा कोरडा उन्हाळाच या कामीं उपयोगी पडणारा आहे, आणि त्याचा उपयोग कसा करावयाचा हें आपल्या घरांतील पाण्याच्या माठाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तेवढें तत्त्व नीट ध्यानांत घेतलें तर शंभर लिटरची टाकी एका लहान पंख्यावर व रोजच्या दोन-तीन लिटर पाण्यावर मृगापर्यंत सुखरूप नेतां येते.

शेतीच्या मासिकांत हा विषय कशाला, असें कोणी विचारील. २०१६ सालीं ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आल्यापासून आपल्या शिवारांत पुष्कळ शेततळीं झालीं, आणि कांहींत मासेही सोडले जातात. शेततळ्यांत काय बिघडलें हें काठावर उभें राहून दिसत नाहीं. टाकीला मात्र चारही बाजूंनीं कांच असते. शिवाय मुलांनीं हौसेनें पाळलेला जीव डोळ्यांदेखत जाणें ही गोष्ट घराला लहान वाटत नाहीं, हेंही खरेंच.

उष्णतेनें नेमकें काय बिघडतें तें प्रथम पाहूं. पुष्कळांची समजूत अशी कीं, तापलेल्या पाण्यांत मासा शिजल्यासारखा होऊन मरतो. तसें क्वचित्‌च घडतें. बहुधा तो गुदमरून मरतो. मासा कल्ल्यांवाटे जो प्राणवायु घेतो तो पाण्यांत विरघळलेला असतो, आणि पाणी जसजसें तापतें तसतशी तो धरून ठेवण्याची त्याची शक्ति कमी होते. समुद्रसपाटीवरील दाबाखालीं २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ९.१ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, ३० अंशांस सुमारें ७.५, आणि ३५ अंशांस ७ हून थोडा कमी. घाटावर हवेचा दाब उतरलेला असल्यामुळें आपल्याकडे हे आकडे आणखी थोडे खालीं येतात. इकडे सांठा घटत असतांना तिकडे मागणी वाढते. मासा थंड रक्ताचा प्राणी. पाणी तापलें कीं त्याच्या शरीराचे सर्व व्यापार जलद चालूं लागतात, आणि तापमान दहा अंशांनीं वाढलें तर त्याची प्राणवायूची गरज साधारणतः दुप्पट होते. जमा कमी आणि खर्च दुप्पट, असा हा हिशेब आहे.

टाकींत वनस्पति आहेत, त्या प्राणवायु देतात ना? देतात, पण उजेड असेपर्यंत. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यानें १८५० सालीं एका भांड्यांत सोनेरी मासे, व्हॅलिस्नेरिया नांवाची फितीसारख्या पानांची पाणवनस्पति व पाण्यांतील गोगलगायी एकत्र ठेवून, हे जीव एकमेकांच्या आधारानें जगूं शकतात असें दाखविलें. आजच्या लावणीच्या टाकीचें मूळ त्यांत आहे. परंतु वॉरिंग्टनचा देश थंड होता. दिवस मावळला कीं वनस्पति प्राणवायु देण्याचें थांबवितात, आणि माशांप्रमाणें तो घेत मात्र राहतात. पाणी जितकें ऊन तितका त्यांचा हा रात्रीचा खर्च मोठा. त्यामुळें टाकींतील प्राणवायु सर्वांत कमी असतो तो सूर्योदयापूर्वींच्या घटकेला. दुपारचें ऊन सोसलेली टाकी पहाटे दगावते ती यामुळें. शेततळ्यांतही हेंच घडतें, आणि माणूस दिवस उजाडल्यावर तेथें पोंचतो.

वनस्पतींनाही हा खर्च झेपत नाहीं. पाणी तिशीच्या वर राहूं लागलें कीं पुष्कळ जातींचें श्वसन इतकें वाढतें कीं, दिवसभर उजेडांत केलेली कमाई रात्रीं संपून जाते. पानें पारदर्शक होतात, देठाजवळ सुटतात व कुजतात; आणि कुजणारें पान पुन्हां प्राणवायूच खातें. उरलेलें अन्न व माशांची विष्ठा यांपासून अमोनिया होतो. युरियाची गोणी ओल्या जागीं ठेवणाऱ्यास त्याचा वास परिचित आहे. ज्या पाण्याचा सामू ८ आहे त्यांत या अमोनियाचा विषारी भाग २५ अंशांस शेंकडा सुमारें ५, तर ३० अंशांस शेंकडा सुमारें साडेसात असतो. म्हणजे घाण तितकीच असली तरी उन्हाळ्यांत तिचें विष दीडपट होतें.

आतां उपायांकडे वळूं. पहिला उपाय फुकटचा आहे, आणि तो म्हणजे जागा. पश्चिमेच्या भिंतीला लागून अथवा लोखंडी पत्र्याच्या छपराखालीं टाकी ठेवूं नये. आपल्या बाजूस जुनीं धाब्याचीं घरें अद्याप कांहीं उभीं आहेत. त्यांच्या जाड मातीच्या भिंती आणि वरचा मातीचा थर दुपारची उष्णता कित्येक तास अडवून धरतात, आणि माजघरांत दिवस-रात्रीच्या तापमानांत फारसा फरक पडत नाहीं. ज्यांनीं पुढें सिमेंटची बैठक बांधली व मागें धाबें राखलें, त्यांनीं उन्हाळ्यापुरती टाकी मागें न्यावी. पाहुण्यांना ती दिसणार नाहीं, पण मासे आषाढांत दाखवितां येतील. भरलेली टाकी हलविणें मात्र धोक्याचें असतें, कारण सांधा उलतो. पाणी बहुतेक उपसून व खालीं सपाट फळी घालूनच ती उचलावी, आणि हें काम होळीच्या सुमारास, ऊन चढण्यापूर्वीं करावें.

टाकी घेतांनाही मोठी घ्यावी. वीस लिटरचें भांडें दुपारीं पाहतां पाहतां तापतें आणि रात्रीं तितकेंच झपाट्यानें निवतें. शंभर-दोनशें लिटरचें पाणी सावकाश तापतें व सावकाश निवतें, आणि माशांना तापमानाच्या आंकड्याइतकाच त्याचा हेलकावा बाधतो. दुकानांत विकत मिळणारा कांचेचा गोल गोळा उन्हाळ्यांत माशांचा तुरुंगच होय, असें आम्ही म्हणूं.

दिव्याविषयीं थोडक्यांत. वनस्पतींसाठीं टाकीवर दिवा लागतो, आणि दिवा उष्णता देतो. नवे एल. ई. डी. दिवे जुन्या दिव्यांहून बरेच थंड असले तरी तेही झांकणांत कोंडूं नयेत. चैत्रापासून दिव्याचा वेळ सहा तासांवर आणावा, आणि तो दुपारीं न ठेवतां सकाळीं व सायंकाळीं वांटून द्यावा. वाढ मंदावेल, मंदावूं द्यावी. उन्हाळ्यांत पीक घेण्यापेक्षां रोप जगविणें महत्त्वाचें, हें ज्यानें मे महिन्यांत संत्र्याची बाग राखली त्यास सांगावयास नको.

मुख्य उपाय बाष्पीभवनाचा. माठांतील पाणी थंड कां होतें? कच्च्या मातीच्या अंगांतून पाणी पाझरतें, बाहेरच्या कोरड्या हवेंत त्याची वाफ होते, आणि वाफ होण्यास लागणारी उष्णता आंतील पाण्यांतून ओढली जाते. ही उष्णता किती असते याचा अंदाज पुष्कळांस नसतो. एक लिटर पाण्याची वाफ होतांना सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. ती सर्व शंभर लिटर पाण्यांतून घेतली गेली तर तें पाणी जवळजवळ पावणेसहा अंशांनीं उतरेल. याच्या शेजारीं बर्फाचा हिशेब मांडा. एक किलो बर्फ वितळतांना ८० किलोकॅलरी घेतो, आणि त्याचें झालेलें पाणी तीस अंशांपर्यंत येतांना आणखी ३० घेतें, एकूण ११०. म्हणजे तितकेंच पाणी सव्वा अंशही उतरत नाहीं. एक लिटर पाणी हवेंत उडवून जें काम होतें त्यास पांच किलोंहून अधिक बर्फ लागावा! असें असतां आमचे मित्र दुपारीं गोठविलेल्या बाटल्या टाकींत सोडतात. पाणी तासभर निवतें, पुन्हां चढतें, पुन्हां बाटली. आणि या चढउतारानें मासा अधिकच खचतो. बर्फ निकडीच्या वेळीं चालेल, रोजचा उपाय म्हणून नव्हे.

बाहेरची उष्णता सारखी आंत येत असल्यामुळें प्रत्यक्षांत पावणेसहा अंशांचा लाभ हातीं पडत नाहीं. तथापि टाकीचें कांचेचें झांकण काढून ठेवलें, आणि संगणकांत असतो तसा १२ व्होल्टचा लहान पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा वारा सोडील असा बसविला, तर कोरड्या दिवसांत पाणी तीन-चार अंशांनीं खालीं राहतें. ३२ अंशांवर जाणारी टाकी २८-२९ वर रोखली जाते, आणि जगणें व मरणें यांतील अंतर बहुधा तेवढेंच असतें. झांकण काढल्यावर उडी मारणारे मासे बाहेर पडतात. यास्तव मच्छरदाणीचें कापड चौकटीवर ताणून ठेवावें. त्यानें वारा अडत नाहीं.

या उपायाची मर्यादा कोठें आहे तेंही घरच्या घरीं पाहतां येतें. दोन साधे तापमापक घ्यावे. एकाच्या फुग्याला ओलें फडकें गुंडाळून दोन्ही पंख्याच्या वाऱ्यांत धरावे. ओल्या फडक्याचा तापमापक जेथें येऊन थांबेल त्याच्या खालीं बाष्पीभवनानें कोणतेंही पाणी जाणार नाहीं. हवा ४० अंश आणि आर्द्रता शेंकडा २० असेल तर तो २२-२३ अंशांवर थांबतो. उलट मुंबईस हवा ३३ अंश व आर्द्रता शेंकडा ७० असतांना तोच २८ च्या वर असतो. कोंकणचा माणूस घामानें भिजतो पण निवत नाहीं, आणि त्याच्या माठांतील पाणीही आपल्या माठासारखें गार होत नाहीं. बाहेर ऊन कमी असूनही मुंबईच्या टाकीवर पंखा फारसा चालत नाहीं, आणि चिखलीच्या टाकीवर चांगला चालतो, याचें कारण हें. घाटाखालीं मलकापूर-खामगांवकडे ऊन आपल्याहून कडक, परंतु हवा कोरडीच, म्हणून पंखा तेथेंही लागू पडतो.

यावरून कूलरविषयींचा एक प्रश्नही सुटतो. कूलर म्हणजे मोठा माठच. वाळ्याच्या अथवा गवताच्या ओल्या ताट्यांतून तो हवा ओढतो. ज्या खोलींत कूलर आहे तेथें टाकी ठेवणें चांगलें, मात्र समोरची खिडकी किंवा दार उघडें पाहिजे. सर्व बंद करून कूलर लावला तर तीच ओली हवा खोलींत फिरत राहते, कूलर निवेनासा होतो, आणि टाकीवरचें बाष्पीभवनही बसतें. बंद खोलींत चालतें तें वातानुकूलन यंत्र. टाकीचें पाणी थंड करणारीं लहान यंत्रेंही विकत मिळतात. त्यांचा गुण निश्चित आहे, पण किंमत व विजेचा खर्च मोठा, आणि पाण्यांतून काढलेली उष्णता तीं त्याच खोलींत सोडतात. ज्यास परवडेल त्यानें घ्यावें. आम्ही त्याची शिफारस करणार नाहीं.

पंखाही नसेल तेथें गोणपाट आहे. टाकीच्या मागच्या व दोन्ही बाजूंच्या कांचांना धुतलेलें गोणपाट चिकटवून बांधावें, त्याचें खालचें टोक पाण्याच्या परातींत सोडावें, आणि दिवसांतून चार वेळां वरून शिंपडावें. कांचेंतून उष्णता बाहेर ओढली जाते व पुढची बाजू पाहण्यास मोकळी राहते. खताची अथवा बियाण्याची गोणी यासाठीं घेऊं नये. बियाण्याला चोळलेलें औषध माशांना मारक होतें. ज्यांना कांचेचाच आग्रह नाहीं त्यांनीं कुंभाराकडून मातीचा मोठा पसरट रांजण घ्यावा, ओसरीच्या सावलींत तो ओल्या वाळूंत अर्धा पुरावा, आणि त्यांत एक कुमुद व दहा-बारा लहान मासे सोडावे. रांजणाचें अंगच घाम गाळतें. बाजूनें मासे दिसत नाहींत हें खरें, पण वरून पाहण्यांतही एक गोडी आहे, आणि चीन-जपानांत सोनेरी मासा शतकानुशतकें वरूनच पाहिला गेला.

बाष्पीभवनाची किंमत मात्र द्यावी लागते, आणि ती क्षारांच्या रूपानें. पाणी उडतें, क्षार मागें राहतात. पंख्याखालीं शंभर लिटरच्या टाकींतून मे महिन्यांत रोज दोन-तीन लिटर पाणी जातें. समजा, आपल्या विहिरीच्या पाण्यांत दर लिटरला ५०० मिलिग्रॅम क्षार आहेत, आणि रोज दोन लिटरची भर आपण त्याच पाण्यानें घालतों. रोज एक ग्रॅम क्षार टाकींत पडला. पाडव्यापासून मृगापर्यंतच्या सत्तर दिवसांत ७० ग्रॅम झाले, म्हणजे दर लिटरला ७०० मिलिग्रॅम. मूळचे ५०० धरून १,२००. कांचेवर पाण्याच्या पातळीशीं जी पांढरी खरखरीत रेघ उमटते ती याच हिशेबाची नोंद असते. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टा ज्यांनीं पाहिला आहे त्यांना या गोष्टीचें नवल वाटणार नाहीं. बुलढाणा, अकोला, अमरावती या जिल्ह्यांत पसरलेल्या त्या पट्ट्यांत पाणी असून तें पिकाला धड देतां येत नाहीं. तिकडच्या वाचकांनीं विहिरीचें पाणी टाकींत घालूंच नये.

यास दोन उपाय. उडालेल्या पाण्याची भर शक्यतों पावसाच्या सांठविलेल्या पाण्यानें घालावी, कारण त्यांत क्षार जवळजवळ नसतात. दोनशें लिटरचें झांकणाचें पिंप भरून ठेवलें तर उन्हाळाभर पुरतें. आणि आठवड्यास टाकींतील पंधरा-वीस लिटर पाणी काढून तितकें ताजें घालावें. काढलेलें पाणी वांगीं-मिरचीच्या वाफ्यास द्यावें. त्यांत नत्र असतें.

ताजें पाणी म्हणजे विहिरीचें, आणि येथें शेतकऱ्याची बाजू शहरवासीयाहून बळकट आहे. खोल विहिरीचें पाणी साधारणपणें त्या ठिकाणच्या वर्षाच्या सरासरी तापमानाच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे २५ ते २७ अंशांवर असतें, वर ऊन कितीही असो. ३२ अंशांच्या ऐंशीं लिटर पाण्यांत २६ अंशांचें वीस लिटर मिसळलें कीं टाकी ३०.८ वर येते, तीही कोणताही धक्का न बसतां. पण दोन गोष्टी सांभाळाव्या. उन्हांत पसरलेल्या काळ्या नळींतून दुपारीं येणारें पहिलें पाणी हात पोळण्याइतकें कढत असतें. तें वाहून जाऊं द्यावें, अथवा पाणी सकाळीं आणावें. आणि जमिनींतून नुकत्याच निघालेल्या पाण्यांत प्राणवायु फार थोडा असतो. म्हणून दोन बादल्यांमधून तें उंचावरून आठ-दहा वेळां ओतून मग टाकींत घालावें. नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतें, तें पसरट भांड्यांत दिवसभर उघडें ठेवल्यानें उडून जातें. बादली मात्र वेगळी राखावी. कपाशीच्या फवारणीची बादली तीन वेळां धुतली तरी माशांच्या कामीं आणूं नये. सायपरमेथ्रिनसारख्या कीटकनाशकाचा अत्यल्प अंशही माशांचा जीव घेतो. तांब्याची घागरही टाळावी. माणसाला मानवणारें तांबें माशांना व गोगलगायींना सोसत नाहीं.

निवड शहाणपणानें केली तर अर्धी लढाई दुकानांतच जिंकली जाते. सोनेरी मासा हा कार्प जातीचा, मूळचा चीनचा. त्यास थंड पाणी प्रिय, आणि नेमका तोच आपल्याकडे सर्वांत अधिक विकला जातो. त्याऐवजीं गुरामी घ्यावा. त्याच्या डोक्यांत कल्ल्यांशेजारीं असें एक इंद्रिय असतें कीं, त्यायोगें तो पृष्ठभागावर येऊन हवेंतला प्राणवायु घेऊं शकतो. आपल्या ओढ्यांतील मरळही हवा घेऊनच आटत्या डबक्यांत टिकतो. पण तो टाकींत ठेवूं नये, कारण तो सोबत्यांना खाऊन टाकील. डासांच्या बंदोबस्तासाठीं आरोग्य खात्याकडून सोडण्यांत येणारा गप्पी मासाही ऊन चांगलें सोसतो. ज्यास डिस्कसची हौस आहे त्यास उन्हाळ्याची भीति कमी, कारण अमेझॉनचा हा रहिवासी २८ ते ३० अंशांतच सुखी असतो. प्राणवायु मात्र त्यासही भरपूर लागतो.

वनस्पतींत व्हॅलिस्नेरिया व हायड्रिला या आपल्याच तळ्या-ओढ्यांत वाढणाऱ्या आहेत आणि ऊन सोसतात. क्रिप्टोकोरीनच्या कांहीं जाती सह्याद्रीच्या ओढ्यांतल्या. त्या पानें टाकतात तेव्हां मेल्या असें समजून उपटूं नयेत, कंद जिवंत असतो. साताऱ्याकडील कासच्या पठारावर वायतुरा नांवाची पाणवनस्पति पावसांत फुलते आणि डबकें आटलें कीं कंदाच्या रूपानें निजून राहते; उन्हाळ्यांत निजणें हा वनस्पतीचा रोग नव्हे, रीत आहे. (ती पठारावरून उपटून मात्र कोणी आणूं नये, तिचा पसारा फार थोडका आहे.) पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतींनीं पृष्ठभाग गच्च झांकूं देऊं नये, कारण वारा व पाणी यांची गांठ तेथेंच पडते. टाकींत वाढ जास्त झाली म्हणून ती पैनगंगेंत अथवा गांवतळ्यांत नेऊन टाकणें हा तर अपराधच होय. जलपर्णीही या देशांत शोभेसाठींच आली होती.

टाकींत मासे थोडे ठेवावे. शंभर लिटरमध्यें हिवाळ्यांत पंचवीस लहान मासे नांदतात म्हणून उन्हाळ्यांतही नांदतील असें नाहीं, पंधरा पुरेत. अन्न निम्म्यावर आणावें, आणि तें सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं द्यावें. सायंकाळीं घातलेलें अन्न पचविण्यास लागणारा प्राणवायु रात्रींच्या तोकड्या सांठ्यांतून जातो. कांहीं हौशी लोक वनस्पतींसाठीं टाकींत कार्बन वायु सोडतात; त्यांनीं दिवा मालवतांना तो बंद केलाच पाहिजे.

राहतां राहिला विजेचा प्रश्न. भारनियमन कोणत्या वेळीं येईल याचा नेम नसतो, आणि पंखा व हवेचा पंप ज्या रात्रीं बंद पडेल तीच रात्र घाताची. पण १२ व्होल्टचा पंखा व १२ व्होल्टचा हवेचा लहान पंप घेतला, तर पाठीवरच्या फवारणी पंपाची बॅटरी दोन्हींना रात्रभर पुरते. उन्हाळ्यांत फवारणी नसते, बॅटरी कोनाड्यांत पडूनच असते; ती पंपांतून काढून, स्वच्छ पुसून, चार्ज करून ठेवावी. तीही नसेल तर पहाटे चारला कोणीतरी उठावें, तांब्यानें नव्हे तर प्लॅस्टिकच्या मगानें टाकींतलेंच पाणी उचलून हातभर उंचीवरून परत सोडावें, आणि हें पंधरा-वीस मिनिटें चालवावें. मासे तोंड वर काढून पृष्ठभागावर हवा चाटूं लागले असतील तर त्यांतील बहुतेक खालीं जातात. गुरामी अधूनमधून वर येतो ती त्याची संवय. सगळे मासे एकदम वर आले तर ती हाक समजावी. शेततळ्यावर हेंच काम पंपानें करावें, म्हणजे तळ्यांतलें पाणी उपसून फवाऱ्यानें तळ्यांतच पाडावें. दिवस उजाडून दोन तास होईपर्यंत तें थांबवूं नये.

रोहिणी संपून हवा दमट होऊं लागली कीं टाकीवरचा पंखा पूर्वीसारखा चालत नाहीं असें दिसून येईल. त्यानें घाबरूं नये. तोंपर्यंत दिवसाचें तापमानही उतरूं लागतें. या दिवसांत ढगांमुळें खिडकीचा उजेड कमी होतो व वनस्पति प्राणवायु कमी देतात, म्हणून हवेचा पंप मात्र चालूंच ठेवावा. मृगाचा पहिला पाऊस पत्र्यावरची धूळ व पांखरांची विष्ठा घेऊन येतो, तो वाहून जाऊं द्यावा. दुसऱ्या-तिसऱ्या सरीपासून पन्हळीखालीं पिंप लावावें, तोंडाला दुहेरी फडकें बांधावें, भरल्यावर झांकण घट्ट बसवून तें अंधाऱ्या कोपऱ्यांत ठेवावें, आणि त्यावर खडूनें तारीख घालावी.